घराघरांतल्या लक्ष्मीचा चित्रकार

मैत्रिणींनो, लक्ष्मी म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? कमळावर उभी असलेली, चार हातांची, काठापदराची साडी नेसलेली, शांत चेहऱ्याची देवी, आणि जवळच सोंडेत हार धरलेला हत्ती. बरोबर ना? आणि सरस्वती म्हटलं की हातात वीणा नि शेजारी मोर. आपल्या आज्या-पणज्यांनी या चित्रांपुढे उदबत्ती ओवाळली, आपणही ओवाळतो. पण लक्ष्मीला असं प्रत्यक्ष कुणी पाहिलं होतं का? पुराणात तिचं वर्णन आहे, पण हा चेहरा, ही नेसण, हे दागिने कुणातरी माणसाने ठरवले. त्या माणसाचं नाव राजा रवि वर्मा. आणि त्याची लक्ष्मी आपल्या घरी आली ती त्याच्या कुंचल्यातून नव्हे, तर छापखान्याच्या यंत्रातून.

हे सगळं आज सांगायचं कारण म्हणजे आमच्या महिला मंडळाची चित्रकला स्पर्धा. विषय होता देवीचं रूप. बावीस चित्रं आली. त्यातलं एक इतकं देखणं होतं की सगळ्याजणी त्याच्याभोवती जमल्या. मग कळलं की ते मोबाइलवर चार ओळी लिहून एआयकडून, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेकडून, करून घेतलेलं आहे. झालं! निम्म्या म्हणाल्या हे बाद करा, ही कला नव्हेच. निम्म्या म्हणाल्या कल्पना तिची, चित्र तिचं. आमच्या बचत गटातली एक ताई दरवर्षी गौरीचे मुखवटे रंगवते, सणावारी दुकानांसाठी देवीची चित्रंही काढून देते. ती मात्र गप्प बसून होती. तिच्या हातातली दोन कामं यंदा गेली होती. दुकानदारांनी मोबाइलवरच चित्र करून घेऊन फलक छापले होते. आमच्यासाठी हा वादाचा विषय होता, तिच्यासाठी दिवाळीच्या खर्चाचा.

मी बी.ए. झालेली साधी गृहिणी, चित्रकलेची पंडित नव्हे. पण यंत्र आणि कला यांचं भांडण काही आजचं नाही, एवढं मला ठाऊक होतं. म्हणून मी रवि वर्मांचं चरित्र पुन्हा वाचायला घेतलं.

रवि वर्मांचा जन्म २९ एप्रिल १८४८ चा, त्रावणकोर संस्थानातल्या किळिमानूरचा. आजच्या केरळात हे गाव येतं. घराणं राजघराण्याशी नातं असलेलं, आणि घरात विद्येचं वातावरण. वडील संस्कृत आणि आयुर्वेद जाणणारे. आई उमायंबा कविता करायची. तिने पार्वतीच्या स्वयंवरावर काव्य रचलं होतं आणि तिच्या माघारी ते छापून आणलं ते रवि वर्मांनीच. म्हणजे लेकाच्या आधी आईच कलावंत होती! धाकटी बहीण मंगलाबाई हीसुद्धा चांगली चित्रकार. तिने काढलेलं भावाचं चित्र आजही त्रिवेंद्रमच्या चित्रसंग्रहात आहे. पण भावाचं नाव देशभर झालं आणि बहिणीचं घराण्यापुरतं राहिलं. त्या काळी मुलीच्या हातच्या कलेला कोण बाहेर नेणार?

मुलाचा हात चांगला आहे हे ओळखलं मामाने. त्यांच्याकडे घराणं आईकडून चालायचं, त्यामुळे मामाचा मान मोठा. मामा स्वतः तंजावरी पद्धतीने चित्रं काढायचे. त्यांनी भाच्याला पहिले धडे दिले आणि चौदाव्या वर्षी, १८६२ मध्ये, त्याला त्रिवेंद्रमला महाराज आयिल्यम तिरुनाळ यांच्या दरबारी नेलं. तिथे त्याला राहायला जागा मिळाली, पाश्चात्त्य चित्रं बघायला मिळाली. पण तैलरंग शिकवायला कुणी तयार होईना. त्या काळात तैलरंग ही आपल्याकडे नवी गोष्ट. दरबारातले रामस्वामी नायडू यांना ती येत होती, पण त्यांनी विद्या हातची सोडली नाही. त्यांच्याच एका शिष्याने लपूनछपून थोडंफार दाखवलं म्हणतात. पुढे १८६८ च्या सुमारास थिओडोर जेन्सन नावाचा युरोपियन चित्रकार दरबारी आला. त्यानेही शिकवायला नकार दिला. महाराजांच्या शब्दाखातर एवढीच परवानगी मिळाली की मी रंगवत असताना पोराने बाजूला उभं राहून बघावं.

तेवढंच पुरलं. रवि वर्मा बघत राहिले आणि घरी येऊन करून बघत राहिले. रंग कसा घोटायचा, तेल किती घालायचं, कातडीवर उजेड कसा आणायचा, सगळं चुकत-माकत. आपणही आईचं बघून बघूनच पुरणपोळी शिकतो ना? माप कुणी सांगत नाही. पहिल्या दहा फाटतात, अकरावी जमते.

१८६६ मध्ये त्यांचं लग्न मावेलिक्कराच्या राजघराण्यातल्या भागीरथीबाईंशी झालं. ती बारा वर्षांची, हे अठरा. पुढे पाच मुलं झाली. पण नवरा कायम कामासाठी गावोगावी. मुलं वाढली ती आईच्या माहेरी, तिच्या हाताखाली. भागीरथीबाई १८९१ मध्ये गेल्या. चरित्रांत त्यांच्यासाठी दोन-चार ओळींपलीकडे जागा नसते. थोरामोठ्यांच्या बायकांचं हे नेहमीचंच. पण घर कुणीतरी उभं धरलं, म्हणून कुंचला चालला, हे आपण बायकांनी तरी लक्षात ठेवावं.

नाव व्हायला सुरुवात झाली १८७३ मध्ये. केसांत फुलं माळणाऱ्या नायर स्त्रीच्या चित्राला मद्रासच्या प्रदर्शनात सुवर्णपदक मिळालं. त्याच वर्षी व्हिएन्नाच्या प्रदर्शनातही गौरव झाला. नंतर कमळाच्या पानावर दुष्यंताला पत्र लिहिणारी शकुंतला त्यांनी काढली, ती मद्रासच्या गव्हर्नरने विकत घेतली. आणि मग आपल्या मराठी माणसांशी त्यांचा संबंध आला. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड म्हणजे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा शेतकऱ्याचा मुलगा, दत्तक जाऊन राजा झालेला. १८८१ मध्ये त्यांच्या हाती राज्यकारभार आला, त्या सोहळ्याच्या निमित्ताने रवि वर्मा धाकटे बंधू राजा राजा वर्मा यांच्यासह बडोद्याला आले. तिथले दिवाण टी. माधवराव हे पूर्वी त्रावणकोरचे दिवाण होते, त्यांची जुनी ओळख. पुढे १८८८ मध्ये सयाजीरावांनी लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी पुराणांतल्या प्रसंगांची चौदा चित्रं सांगितली.

आता इथे नीट बघा. काम मिळाल्यावर हे दोघं भाऊ लगेच रंगवायला बसले नाहीत. आधी ते उत्तर हिंदुस्थानात फिरले. कशासाठी? तर वेगवेगळ्या प्रांतांतल्या बायका कशा नेसतात, काय घालतात, कशा बसतात-उठतात हे बघायला. द्रौपदी, दमयंती, सीता यांना साऱ्या देशाने आपलं म्हणावं असा पोशाख कोणता? दक्षिणेतला घ्यावा तर उत्तरेला परका, उत्तरेतला घ्यावा तर दक्षिणेला. शेवटी त्यांच्या कितीतरी नायिका आणि देवी आपल्या महाराष्ट्रातली नऊवारी नेसलेल्या दिसतात. म्हणजे पाणवठ्यावरच्या, बाजारातल्या, देवळातल्या खऱ्याखुऱ्या बायकांकडे कुणीतरी लक्ष देऊन पाहिलं, तेव्हा आपली लक्ष्मी अशी झाली. त्यांचं अकरा स्त्री-वादकांचं एक चित्र म्हैसूरला आहे. प्रत्येकीची नेसण वेगळी, बसण्याची ढब वेगळी, आणि चेहऱ्यावरचा भावही वेगळा. १८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांची दहा चित्रं गेली, तीही हिंदुस्थानातल्या स्त्रियांचीच, आणि तिथून पदकं आली.

बडोद्याची चौदा चित्रं राजवाड्यात टांगण्याआधी लोकांना बघायला ठेवली, तर माणसांची रीघ लागली. पण तैलचित्र एकच असतं, आणि ते राजाच्या भिंतीवर जातं. गोरगरिबांनी काय करावं? टी. माधवरावांनी रवि वर्मांना पूर्वीच सुचवलं होतं की निवडक चित्रं युरोपात पाठवून त्यांच्या छापील प्रती काढाव्यात. रवि वर्मांनी त्याच्या पुढचं पाऊल टाकलं. १८९४ मध्ये एका भागीदाराला घेऊन त्यांनी मुंबईत गिरगावातच स्वतःचा छापखाना काढला. यंत्रं जर्मनीची, कारागीरही जर्मन.

ही छपाई कशी व्हायची, तेही सांगते. मूळ चित्रातला एकेक रंग वेगळा काढायचा आणि प्रत्येक रंगासाठी एक सपाट दगड तयार करायचा. त्यावर तेलकट शाईने हाताने रेखाटन करायचं. दगड ओला केला की पाणी रिकाम्या जागी राहतं आणि शाई फक्त रेषांना धरते. मग तोच कागद एकामागून एक सगळ्या दगडांवरून न्यायचा. एक दगड केसभर हलला तर लक्ष्मीच्या ओठांचा रंग गालावर जायचा! शेवटी वरून चकाकी द्यायची, म्हणजे तैलचित्राचा भास होतो. याला ओलिओग्राफ म्हणत. तसं पाहिलं तर मराठी मुलखाला छापील चित्रं नवी नव्हती. पुण्याचा चित्रशाळा छापखाना १८७८ पासून देवादिकांची रंगीत चित्रं काढत होता. पण रवि वर्मांच्या देवी माणसासारख्या दिसायच्या, आणि लोकांनी त्या उचलून धरल्या. ज्यांना त्या काळी देवळाची पायरी चढू दिली जात नव्हती, त्यांच्याही भिंतीवर देव आला. घरोघरच्या बायका त्या छापील देवीच्या साडीला खरी जर लावायच्या, टिकल्या चिकटवायच्या. अशा सजवलेल्या तसबिरी जुन्या वाड्यांत अजून सापडतात.

धंदा मात्र साधला नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, कामगार पांगले. छापखाना गिरगावातून घाटकोपरला आणि मग १८९९ मध्ये लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला. कर्ज वाढत गेलं. दुसरे छापखाने त्यांच्या चित्रांच्या नकला काढून विकत होते, तो ताप वेगळाच. अखेर १९०१ च्या सुमारास तो छापखाना तिथल्याच एका जर्मन तंत्रज्ञाला, फ्रिट्झ श्लायखरला, विकावा लागला. त्यानंतर लक्ष्मी-सरस्वती कॅलेंडरांवर, आगपेट्यांवर, साबणाच्या नि ग्राइप वॉटरच्या जाहिरातींवरही गेल्या. १९०५ च्या जानेवारीत सावलीसारखा सोबत राहिलेला भाऊ गेला. आणि २ ऑक्टोबर १९०६ रोजी, मधुमेहाने खंगलेले रवि वर्मा किळिमानूरला वारले. मळवलीचा छापखाना त्यांच्यामागे कितीतरी वर्षं चालला. १९७२ मध्ये आगीत तो जळाला.

त्यांच्या मृत्यूनंतर थोड्याच काळात मोठमोठ्या जाणकारांनी त्यांना कलावंतांच्या पंगतीतून उठवायला सुरुवात केली. भगिनी निवेदिता, आनंद कुमारस्वामी यांच्यासारख्यांना ही चित्रं नाटकी वाटली, परक्या वळणाची वाटली. छापील प्रतींनी तर त्यांचं नाव आणखीच हलकं केलं, कारण बाजारात मिळते ती कला कसली? पुढे १९७९ मध्ये भारत सरकारने त्यांची चित्रं राष्ट्रीय कलासंपदा ठरवली, आणि ती देशाबाहेर न्यायला बंदी आली. आपल्याकडे रणजित देसाईंनी त्यांच्यावर कादंबरी लिहिली. म्हणजे एकदा कला, मग बाजारू, मग पुन्हा राष्ट्राचं धन! जाणकारांचं मत असं फिरत असतं. म्हणून यंत्रातून आलं एवढ्याच कारणाने एखादं चित्र बाद करायला माझा जीव होत नाही. तसं केलं तर आपल्या देव्हाऱ्यातली लक्ष्मीच आधी उतरवावी लागेल.

पण मग छापखाना आणि एआय सारखेच का? इथे मी थांबून विचार केला. २०१८ मध्ये संगणकाने तयार केलेलं एक व्यक्तिचित्र न्यूयॉर्कच्या लिलावात ४,३२,५०० डॉलरना गेलं. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या जत्रेत एआयच्या चित्राला डिजिटल विभागात पहिलं बक्षीस मिळालं. ते करणाऱ्याचं म्हणणं की त्याने सहाशेहून अधिक वेळा सूचना बदलून बदलून ते चित्र मिळवलं. तरी तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने २०२३ मध्ये ते नोंदवून घेतलं नाही. जेवढं माणसाने केलं तेवढ्यावरच माणसाचा हक्क, असं धोरण त्यामागे होतं. आपल्याकडे २०२५ च्या सप्टेंबरमध्ये एआयने नेसवलेल्या साड्यांतले फोटो घरोघरी पोचले होते, आठवतंय ना?

कुणी म्हणेल, एआयही बघूनच शिकतं, जसे रवि वर्मा जेन्सनकडे बघून शिकले. हा मुद्दा मला पहिल्यांदा बिनतोड वाटला. पण जेन्सनला समोर उभा असलेला मुलगा दिसत होता आणि त्याने बघायला हो म्हटलं होतं. एआयला शिकवायला जी कोट्यवधी चित्रं वापरली, त्यांतल्या बहुतेकांना कुणी विचारलंच नाही. म्हणून तर जानेवारी २०२३ मध्ये कॅलिफोर्नियात तीन चित्रकार कोर्टात गेले. आणि दुसरी गोष्ट मला त्याहून मोठी वाटते. जेन्सनकडे बघून झाल्यावर रवि वर्मा माणसांकडे बघायला बाहेर पडले. एआयने चित्रं पाहिली आहेत, फोटो पाहिले आहेत, पण डोक्यावर हंडा घेतलेल्या बाईची मान कशी अवघडते हे त्याला ठाऊक नाही. ते दुसऱ्यांनी पाहिलेलं पुन्हा मिसळून देतं. मळवलीच्या यंत्राने रवि वर्मांचं पाहणं हजारो घरांत पोचवलं. एआयच्या चित्रात मुळात कुणाचं पाहणं पोचतंय, हेच सापडत नाही.

तरीही जी बाई मनात काहीतरी धरून बसते, शंभरदा बदलते, नको ते टाकून देते, स्वतःचं पाहिलेलं त्यात आणते, तिच्या हातात उद्या हे यंत्र कुंचला होणारच नाही असं मी म्हणणार नाही. पण चार ओळी लिहून जे पहिलं आलं ते उचलून आणणं म्हणजे माझ्या मते सुंदर चित्र निवडणं, काढणं नव्हे. दुकानातून छान साडी निवडणारी आणि मागावर ती विणणारी, दोघींना आपण वेगळं ओळखतोच ना?

स्पर्धेचा निकाल आम्ही असा लावला. मोबाइलवरचं चित्र भिंतीवर राहिलं, खाली ते कसं केलं ते लिहून. बक्षीस हाताने काढलेल्या चित्राला गेलं. पुढच्या वर्षापासून एआयच्या चित्रांचा विभाग वेगळा, आणि त्यात काय सूचना दिल्या, किती वेळा बदलल्या हे सोबत द्यायचं. मंडळाच्या कार्यक्रमांचे फलक मात्र आमच्या त्या ताईकडूनच रंगवून घ्यायचे आणि तिला रोख पैसे द्यायचे, असाही ठराव केला. सगळ्यांना पटला असं नाही. दोघी रुसल्या आहेत. फुकटात होतंय तर पैसे का मोजायचे, असा त्यांचा सवाल आहे. तो काही खोटा नाही. पण मंडळ असतं कशासाठी, हाही सवालच आहे.

तुमच्या गावातही हा प्रश्न आज ना उद्या येईल. शाळेच्या स्पर्धेत येईल, नाहीतर लग्नाच्या पत्रिकेवरच्या गणपतीवरून येईल. तेव्हा एक करा. माळ्यावर एखादी जुनी तसबीर असेल तर खाली काढा, काच पुसा आणि चित्राच्या खालच्या कडेला बारीक अक्षरं शोधा. रवि वर्मा प्रेसच्या जुन्या प्रतींवर छापखान्याचं नाव असतं. यंत्राने छापलेल्या त्या चित्राची जबाबदारी कुणीतरी नाव घालून घेतली होती. आपल्यापुढे येणाऱ्या नव्या चित्राला आपण निदान तेवढं तरी विचारायला हवं.